बीपीच्या ‘सार्टन’ गोळ्या आणि मेंदूची भिंत: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

‘सार्टन’ म्हणजे नेमक्या कोणत्या गोळ्या? माझी त्यातली आहे का, हे कसे ओळखायचे?

पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव असते, ते सोडून द्या. खाली बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव छापलेले असते. त्याच्या शेवटी ‘सार्टन’ असेल तर गोळी या गटातली: लोसार्टन, टेल्मिसार्टन, ऑल्मेसार्टन, व्हल्सार्टन, कॅन्डेसार्टन. आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते ती टेल्मिसार्टन, २०, ४० आणि ८० मिलीग्रॅममध्ये.

नावाच्या शेपटीला ‘एएम’ असेल तर सोबत बहुधा अम्लोडिपिन असते, ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड. ही शेपटी फार महत्त्वाची. दुकानदाराने ‘तीच गोळी आहे’ म्हणून बिनशेपटीची दिली तर दुसरे औषध बंद पडते आणि आठ-दहा दिवसांत बीपी का वर गेले, हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

ही ‘हार्मोन अडवणारी’ गोळी आहे म्हणतात. पुरुषत्वावर परिणाम होतो का?

नाही. हार्मोन म्हटले की लोकांच्या डोक्यात स्त्री-पुरुषांचेच हार्मोन येतात, म्हणून ही भीती. इथे अडवला जातो तो अँजिओटेन्सिन-टू, रक्तदाब वाढवणारा हार्मोन. यकृत एक मोठे प्रथिन रक्तात सोडते, मूत्रपिंडातून आलेले रेनिन त्याचा तुकडा पाडते, आणि मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर असलेले एसीई नावाचे एन्झाइम तो तुकडा आणखी छाटते. उरतो तो आठ अमिनो आम्लांचा अँजिओटेन्सिन-टू. तो एटी-वन नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसला की रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, तहान लागते. सार्टन गोळी त्याच्या आधी जाऊन ती जागा अडवते. हार्मोन रक्तात असतोच, किंबहुना थोडा वाढतो, पण त्याला बसायला जागा उरत नाही.

पुरुषांच्या छातीला सूज किंवा दुखणे हा त्रास होतो तो स्पायरोनोलॅक्टोनने. ते अल्डोस्टेरॉन नावाचा दुसराच हार्मोन अडवणारे वेगळे औषध. दोन्हींची सरमिसळ करू नका.

मेंदूची भिंत म्हणजे काय? ती कुठे असते?

वैद्यकात तिला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. कवटीच्या आत पडदा लावल्यासारखी ती एका जागी नसते. मेंदूतल्या प्रत्येक केशवाहिनीचे अस्तर म्हणजेच ही भिंत. या केशवाहिन्या एकापुढे एक मांडल्या तर लांबी सहाशे किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे सोलापूरहून मुंबई गाठून बरेच अंतर परत यावे इतकी.

१८८५ मध्ये शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी जनावरांच्या रक्तात रंग सोडला; सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी उलटे केले: रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरे राहिले. मधे काहीतरी आडवे आहे, हे त्यावरून उघड झाले. नेमके काय, ते १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले. अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून प्रथिनाचा कण जात नाही. ही चिकटण क्लॉडिन-५, ऑक्लुडिन अशा प्रथिनांची. बाहेरून पेरिसाइट पेशी आणि अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार-पेशींची टोके तिला आधार देतात.

बीपी वाढल्यावर या भिंतीला काय होते?

दोन प्रकारचे नुकसान होते, आणि त्यांची गल्लत होते म्हणून सविस्तर सांगतो.

पहिले एकदम होणारे. मेंदूच्या धमन्या दाबाप्रमाणे आवळतात-सैलावतात आणि आतला रक्तप्रवाह सारखा ठेवतात. निरोगी माणसात हे सरासरी दाब साधारण ६० ते १५० असेपर्यंत जमते. सरासरी काढायची रीत: खालच्या आकड्यात वरच्या-खालच्या आकड्यांच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा. २२०/१३० असेल तर १३० अधिक ३०, म्हणजे १६०. इथे धमन्यांचे आवळणे हरते, दाब थेट केशवाहिन्यांवर येतो, भिंत गळते आणि मेंदूत पाणी साचते. डोके फुटेल असे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके. गरोदरपणातल्या झटक्यांमागेही बऱ्याचदा हेच असते.

दुसरे सावकाश, वर्षानुवर्षे होणारे. इथे दाबाइतकाच अँजिओटेन्सिन-टू दोषी असतो. अस्तराच्या पेशींवर एटी-वन रिसेप्टर असतात. ते सतत चालू राहिले की पेशीत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, सूज आणणारे संदेश जातात, घट्ट जोड कापणारी एन्झाइम सुटतात. जोड सैल झाले की रक्तातले अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन मेंदूत झिरपते. ही प्रथिने तिथली नव्हेत. मेंदूच्या रक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सूज वाढत जाते. उच्च रक्तदाबाच्या उंदरांत ही गळती मोजलेली आहे. लोसार्टन दिल्यावर ती कमी झालेलीही दिसली.

यातला एक गमतीचा भाग: मेंदूत काही ठिकाणी ही भिंत मुळातच विरळ असते. तहान आणि उलटीची केंद्रे तिथे आहेत, कारण रक्तात काय चालले आहे हे त्यांना चाखावे लागते. अँजिओटेन्सिन-टू तहान लावतो तो याच खिडकीतून.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ लिहून आले आहे. भिंत फुटली का?

फुटली नाही. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्यांना वर्षानुवर्षे ताण बसल्याचे ते पांढरे ठिपके. साठीनंतर थोडे ठिपके पुष्कळांना असतात. रिपोर्टमध्ये ‘फॅझेकस’ ग्रेड दिली आहे का बघा: १ म्हणजे तुरळक, ३ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळलेले. ग्रेड २ किंवा ३ असेल तर बीपीचा आकडा, साखर आणि तंबाखू या तिन्हींकडे आजपासून बघायला हवे. ठिपके पुसणारी गोळी नाही. ते वाढण्याचा वेग कमी करता येतो.

कोणती सार्टन मेंदूत शिरते? तीच घ्यावी का?

हा प्रश्न हल्ली फार येतो. टेल्मिसार्टन आणि कॅन्डेसार्टन चरबीत जास्त विरघळतात म्हणून थोड्या प्रमाणात आत जातात असे धरले जाते. पण आत शिरलेली बरीचशी गोळी भिंतीवरचे पंप परत रक्तात फेकतात.

आमच्या मते प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारला जातो. जी पेशी वाचवायची, तिचा एक चेहरा मेंदूकडे असला तरी दुसरा रक्ताकडेच असतो. गोळी रक्तात आली की ती भिंतीपाशी पोचलेलीच असते. पलीकडे उतरण्याची गरज नाही. शिवाय दाब उतरल्याचा फायदा कोणत्याही सार्टनने मिळतो. ‘ब्रेन प्रोटेक्शन’ असे सांगून महागडी गोळी खपवली जात असेल तर ऐकू नका. जी गोळी तुमचे बीपी चोवीस तास आटोक्यात ठेवते, परवडते आणि जनऔषधी केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात न चुकता मिळते, ती तुमच्या भिंतीसाठी चांगली.

मग या गोळीने विसरभोळेपणा किंवा अल्झायमर टळतो का?

तसे सिद्ध झालेले नाही. काय तपासले गेले, ते पाहा.

लकव्याबाबत पुरावा दमदार आहे. २००२ च्या ‘लाइफ’ चाचणीत ९,१९३ रुग्णांत लोसार्टनची तुलना अटेनोलॉल या बीपीच्याच दुसऱ्या गोळीशी झाली. दोन्हींनी बीपी सारखेच उतरले, तरी लोसार्टनच्या गटात लकवा २५ टक्के कमी होता. पण २००८ च्या ‘प्रोफेस’मध्ये, आधीच लकवा होऊन गेलेल्या २०,००० हून जास्त लोकांत, टेल्मिसार्टनने पुन्हा होणारा लकवा ठळकपणे कमी झाला नाही. स्मृतीबाबत २००३ च्या ‘स्कोप’मध्ये ७० ते ८९ वयाच्या ज्येष्ठांना कॅन्डेसार्टन दिले, बुद्धीच्या चाचण्यांत ठोस फरक पडला नाही. अल्झायमर झालेल्यांना वर्षभर लोसार्टन देऊनही मेंदू आक्रसण्याचा वेग बदलला नाही, हे ‘रडार’ चाचणीने दाखवले.

उलट ‘स्प्रिंट माइंड’ने २०१९ मध्ये दाखवले की वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणायचा ठेवला तर स्मृतीची सौम्य घसरण कमी लोकांना होते. तिथे गोळी कोणती, याला महत्त्व नव्हते, आकड्याला होते. त्या चाचणीत मधुमेही नव्हते, आणि १२० हे लक्ष्य प्रत्येकाला झेपत नाही. चक्कर येऊन पडणाऱ्या आजोबांसाठी ते नाही.

एसीईवाली गोळी घेत होतो, खोकल्यामुळे सार्टन दिली. दोन्ही चालतील का?

दोन्ही एकत्र नकोत. रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे हार्मोन तयारच होऊ देत नाहीत. त्यात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साठून कोरडा खोकला येतो. सार्टनमध्ये तो क्वचितच. २००८ च्या ‘ऑनटार्गेट’मध्ये टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल एकत्र देऊन पाहिले: फायदा वाढला नाही, मूत्रपिंडाचा त्रास आणि चक्कर मात्र वाढली. नवी सुरू झाली की जुनी पट्टी घरातून काढून टाका. डब्यात राहिलेली जुनी गोळी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून घेतली जाते, आणि तिथेच घोळ होतो.

सुरू करताना कोणत्या तपासण्या?

सुरू करण्याआधी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे चालते ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर सहसा चालते: १.० चे १.२ झाले म्हणून गोळी फेकू नका. त्याहून जास्त वाढले तर मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद आहेत का, ते बघावे लागते. पोटॅशियम ५.५ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ६ च्या वर असेल तर थेट दवाखाना, कारण हृदयाचे ठोके बिघडतात. रक्त काढून नळी उन्हातून फिरत लॅबला गेली तर पेशी फुटून पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. आकडा विचित्र वाटला तर लॅबमध्येच जाऊन रक्त द्या.

पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी ‘गोळी लागू पडली नाही’ असे ठरवू नका.

घरच्या मशीनवर दर वेळी वेगळा आकडा येतो. कोणता खरा?

बहुतेक वेळा मशीन ठीक असते, बसण्याची पद्धत चुकते.

पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नको. पाच मिनिटे गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवर नाही, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. आधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. मिश्रीसुद्धा नको, हिरडीतून निकोटिन रक्तात जाते आणि सकाळची मिश्री लावून मोजलेला आकडा हमखास जास्त येतो. लघवी करून या. मोजताना बोलू नका. बोलण्यानेच आकडा पाच-दहाने वाढतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो.

सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे खोडा, उरलेल्या २४ ची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा जास्त आले तर बीपी वाढलेले समजतात. मशीन दंडाचे घ्या, मनगटाचे नको.

उन्हाळ्यात गोळी कमी करावी का? वारीत काय करावे?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो. घाम, सैलावलेल्या रक्तवाहिन्या आणि वर सार्टन, यामुळे बीपी खाली येऊ शकते. यंत्रमागावर उभ्याने पाळी करणारे, शेतात राबणारे, पत्र्याखाली बिड्या वळणाऱ्या बाया यांना उठताना चक्कर येते. स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करू नका. आठवडाभर बसून आणि उभे राहून एक मिनिटाने मोजा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने पडत असेल, किंवा बसूनच ११० च्या खाली येऊन चक्कर येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा; बऱ्याचदा आधी लघवीची गोळी कमी करतात.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि पाणी पोटात राहत नसेल तर गोष्ट वेगळी. शरीर कोरडे पडलेले असताना सार्टनने मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. अशा वेळी सार्टन आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची, आणि नीट खाणे-पिणे सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की परत सुरू करायची, असे डॉक्टरांशी आधीच बोलून कागदावर लिहून ठेवा. ऐन वेळी फोन लागत नाही.

आषाढी वारीला चालणाऱ्यांसाठी हेच, शिवाय दोन गोष्टी. गोळ्या कमरेच्या पिशवीत ठेवा, दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात नको. ट्रक पुढच्या मुक्कामाला निघून जातो. आणि एकादशीचा निर्जळ उपवास या गोळ्यांवर असताना करू नये.

शहाळे, डाळिंब, केळी बंद करायची का?

मूत्रपिंड चांगले असेल तर नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडचे डाळिंब खुशाल खा. क्रिएटिनिन वाढलेले असेल किंवा मधुमेहाने मूत्रपिंडाला धक्का बसलेला असेल तर शहाळ्याला जपा: एका मोठ्या शहाळ्यात अर्धा ग्रॅम किंवा जास्त पोटॅशियम असते आणि उन्हाळ्यात लोक दिवसाला दोन-तीन पितात.

खरा धोका ‘लो सोडियम’ मिठाचा. त्यात सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसाला ते फायद्याचे, पण सार्टन आणि कमजोर मूत्रपिंड असलेल्याला विचारल्याशिवाय नको. सैंधव मात्र त्यातले नाही. ते जवळपास साधे मीठच, त्यामुळे बीपीला त्याचा काही उपयोगही नाही.

शेंगाचटणी सोडावी लागेल?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्या पदार्थांतले धरून. पाव किलो शेंगदाण्यांच्या चटणीत दोन चमचे मीठ घातले तर मोठ्या चमचाभर चटणीतून साधारण अर्धा ग्रॅम पोटात जाते. एक चमचा घेऊन थांबलात तर हरकत नाही. बहुतेक घरांत ज्वारीच्या भाकरीत मीठ नसते, हे आपले भाग्यच. हिशोब बिघडतो तो चटणीसोबत ठेचा, लोणचे, पापड आणि ताकात वरून घातलेल्या मिठाने. चटणी ठेवा, वरचे मीठ आणि पापड काढा. मीठ जास्त असले की सार्टनचा जोर कमी पडतो.

अंगदुखीची गोळी चालेल का?

पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन शक्यतो नको. सार्टन, लघवीची गोळी आणि यांपैकी एक, असे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी तुटतो. कंबरदुखीसाठी दवाखान्यात ‘सुई’ घ्यायला गेलात तरी आधी सांगा की सार्टन चालू आहे. लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल दिले जात असेल तर तेही सांगा, पोटॅशियम वाढते. मानसोपचारातले लिथियम चालू असेल तर रक्तातली त्याची पातळी तपासल्याशिवाय सार्टन सुरू करू नये.

गोळी सकाळी की रात्री? विसरली तर?

२०२२ च्या ‘टाइम’ चाचणीत २१,००० हून जास्त लोकांत सकाळ-रात्र असा फरक दिसला नाही. जी वेळ लक्षात राहते ती तुमची. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट नको.

टेल्मिसार्टन हवेतली ओल शोषते. आठवड्याच्या डब्यात सुटी करून ठेवू नका, पट्टीतून काढली की लगेच गिळा. पत्र्याच्या घरात, खिडकीत, टीव्हीवर पट्टी ठेवू नका.

ऑल्मेसार्टन घेणाऱ्यांना महिनोन्महिने जुलाब आणि वजन घट झाली तर गोळीकडे संशयाने बघा. क्वचित होते, पण नुसत्या पोटाच्या औषधांवर महिने जातात.

सुनेला दिवस राहिले आहेत आणि तिची सार्टन चालू आहे.

आजच डॉक्टरांना दाखवा. बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते, गर्भजल कमी होते. चौथ्या महिन्यापासून धोका मोठा. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मेथिलडोपा हे पर्याय आहेत. मूल हवे असलेल्या बाईने आधीच गोळी बदलून घ्यावी. नुसती बंद करून बीपी वाढू देणेही घातक.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला. बीपीची जास्तीची गोळी द्यायची का?

देऊ नका. जिभेखाली गोळी फोडून घालण्याची जुनी सवय तर सोडाच. लकव्यात अडलेल्या भागाला रक्त पोचवायला शरीर मुद्दाम दाब वाढवते, आणि जुन्या बीपीच्या माणसाला तो एकदम पाडणे झेपत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे नसेल तर डॉक्टरही पहिल्या दिवशी २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. द्यायचे असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणतात. तेही सीटी स्कॅन पाहून. २०११ च्या ‘स्कास्ट’ चाचणीत लकव्याच्या पहिल्या दिवसांत कॅन्डेसार्टन देऊन फायदा झाला नाही.

१०८ ला फोन करा, पाणी-चहा पाजू नका, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहा. इंजेक्शनची मुदत साडेचार तास आहे, आणि अक्कलकोट किंवा करमाळ्याहून निघणाऱ्याचा त्यातला बराच वेळ रस्त्यात जातो. सीटी स्कॅन चालू असलेल्या रुग्णालयातच थेट जा.

हार्मोन अडवणारी बाकीची औषधेही मेंदूची भिंत राखतात का?

एकच नियम लावता येत नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन अडवणारे एन्झाल्युटामाइड भिंत ओलांडून मेंदूत जाते आणि काहींना त्यामुळे झटके येतात; डॅरोल्युटामाइड फारसे ओलांडत नाही. तिथे न शिरणेच फायद्याचे. डेक्सामेथासोन तर हार्मोन अडवत नाही, स्वतःच हार्मोनसारखे काम करते, आणि मेंदूतल्या गाठीभोवतीची गळती आवळते. स्पायरोनोलॅक्टोन तीन औषधांनीही न उतरणाऱ्या बीपीत सार्टनच्या जोडीला देतात, पण दोन्ही पोटॅशियम वाढवतात. ही जोडी लिहून मिळाली तर पहिल्या आठवड्यातच पोटॅशियम तपासा, मग महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी.